पहिलं घर घेताय? बँकेने दिलेला विमा घराचा आहे का, ते आधी बघा

पुण्यात पहिला फ्लॅट घेणारा माणूस व्याजदरातल्या पाव टक्क्यासाठी महिनाभर घासाघीस करतो. पार्किंग कुठल्या खांबाशेजारी आहे हे टेप लावून मोजतो. विम्याच्या कागदावर मात्र दोन मिनिटांत सही करून मोकळा होतो. त्याला फार दोष देता येत नाही. तो कागद येतो सह्यांच्या भल्यामोठ्या गठ्ठ्याच्या मध्येच कुठेतरी. स्टँप ड्यूटीने नुकतंच खातं रिकामं केलेलं असतं आणि समोरचा मुलगा "सर, हे इन्शुरन्सचं, कंपल्सरी आहे" म्हणत पान उलटतो.

त्या पानावरचा विमा बहुतेक वेळा घराचा नसतोच. तो कर्जाचा असतो.

कर्जाचा विमा वेगळा, घराचा वेगळा

होम लोनसोबत जी पॉलिसी हमखास पुढे केली जाते तिला 'लोन प्रोटेक्शन' किंवा 'लोन सुरक्षा' अशी नावं असतात. हा जीवनविमा आहे. कर्ज फेडताना कर्जदाराचा मृत्यू झाला, तर उरलेलं कर्ज विमा कंपनी बँकेला देते आणि घरच्यांवरचा हप्ता टळतो. कल्पना वाईट नाही. पण घराला आग लागली किंवा स्वयंपाकघरात कमरेएवढं पाणी शिरलं, तर या पॉलिसीतून एक रुपयाही मिळणार नाही. घर उरो न उरो, ईएमआय चालूच राहतो.

शिवाय तिचा प्रीमियम एकरकमी असतो आणि "आत्ता भरू नका, लोनमध्येच ॲड करू" असं सांगितलं जातं. समजा तो १ लाख २० हजार आहे. ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जात तो मिसळला, तर ईएमआय महिन्याला साधारण १,०८० रुपयांनी वाढतो आणि २० वर्षांत त्यापोटी सुमारे २ लाख ५९ हजार रुपये जातात. त्यात बहुतेक पॉलिसींमध्ये कर्ज फिटत जाईल तसं संरक्षणही कमी होत जातं. तुमची आधीच पुरेशी टर्म पॉलिसी (मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा जीवनविमा) असेल, तर ही दुसरी कशासाठी घ्यायची हा प्रश्न विचारायलाच हवा. टर्म पॉलिसीचे पैसे नॉमिनीच्या हातात पडतात. कर्ज फेडायचं की मुलांसाठी ठेवायचं, हे घरचे ठरवतात. पुढे कमी व्याजाच्या बँकेत कर्ज हलवलं, तरी टर्म पॉलिसीला धक्का लागत नाही. तब्येतीमुळे टर्म पॉलिसी नाकारली गेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कर्जासोबतचा विमा उपयोगी ठरू शकतो.

'कंपल्सरी' या शब्दाचं काय? कर्ज घेतलं म्हणून जीवनविमा घ्यायलाच हवा असा कायदा नाही. गहाण ठेवलेल्या घराचा आगीसारख्या धोक्यांपासून विमा काढा, अशी अट कर्जाच्या करारात असू शकते आणि ती रास्तही आहे. पण तो अमुकच कंपनीकडून काढा, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. यावर एक साधा उपाय आहे. "हा विमा मंजुरीची अट असेल तर करारातलं कलम मेलवर कळवा," एवढंच लिहून पाठवायचं. तोंडी सांगितलेल्या बऱ्याच सक्त्या लेखी मागितल्या की विरघळतात.

घराचा विमा म्हणजे नेमकं काय

विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून आग आणि तत्सम धोक्यांचा घरविमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एक ठरावीक पॉलिसी विकणं बंधनकारक केलं. तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. कंपनी कुठलीही असो, मुख्य अटी आणि शब्दरचना तीच. म्हणून पहिल्यांदा घर घेणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. रंगीत माहितीपत्रकांतल्या गोल्ड-प्लॅटिनम योजना नंतर बघता येतील.

आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, जमीन खचणं, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, एवढं सगळं मूळ पॉलिसीतच येतं. पुणे २०१६ च्या भारतीय मानकात भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये होतं. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का घरातल्या आजी-आजोबांना अजून आठवत असेल. त्यामुळे भूकंपाचं संरक्षण वेगळं मागावं लागत नाही ही सोय मोठी आहे.

घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचं भाडं मिळतं. घर भाड्याने दिलेलं असेल तर बुडालेलं भाडं मिळतं. ढिगारा उपसण्याचा खर्च भरपाईच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत वेगळी मिळते. पॉलिसी एका वर्षापासून १० वर्षांपर्यंत घेता येते. एका वर्षाहून मोठी घेतली, तर इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते आणि त्यासाठी जादा प्रीमियम लागत नाही.

यातली सर्वांत मोलाची तरतूद सहसा कोणी सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत, ४० लाखांच्या बांधकामाचा २० लाखांचाच विमा काढला असेल आणि नुकसान ४ लाखांचं झालं, तर "तुम्ही निम्माच विमा काढलात" म्हणून हातात २ लाखच पडत. भारत गृह रक्षामध्ये अशी प्रमाणात कपात करता येत नाही. विमा रकमेच्या मर्यादेत झालेलं नुकसान पूर्ण धरलं जातं. दुसऱ्या कुठल्या योजनेचा मोह झाला, तर हे कलम तिच्यात आहे का ते आधी शोधा.

किती रकमेचा? इथेच सगळे चुकतात

धायरीत किंवा आंबेगाव बुद्रुकला ७८ लाखांचा टू बीएचके घेतला, तर विमा ७८ लाखांचा काढायचा का? नाही.

त्या ७८ लाखांत जमिनीचा वाटा आहे, बिल्डरचा नफा आहे, आणि सिंहगड रोड जवळ असल्याची, मेट्रो येणार असल्याची किंमत आहे. आगीत यातलं काही जळत नाही. पुन्हा उभं करावं लागतं ते फक्त बांधकाम. म्हणून भारत गृह रक्षात हिशेब सरळ आहे: कार्पेट एरिया (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा चालू दर. कार्पेट एरिया ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेला असतो, रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या) नियमामुळे आता तो लपवता येत नाही. सेल्सवाल्याने तोंडी सांगितलेला 'सेलेबल' (जिने-लॉबीचा वाटा धरून वाढवलेला) आकडा इथे धरू नका.

समजा कार्पेट ६८० चौरस फूट आहे, म्हणजे साधारण ६३ चौरस मीटर. बांधकामाचा दर चौरस फुटाला ३,५०० रुपये धरू. हा आकडा उदाहरणापुरता आहे, खरा दर ओळखीच्या आर्किटेक्टला किंवा सिव्हिल इंजिनिअरला विचारा. विचारताना "कार्पेटवर काय दर पडेल" असं विचारा, कारण बिल्टअपवरचा (भिंतींसकट मोजलेल्या क्षेत्रावरचा) दर कमी दिसतो आणि तोच कार्पेटला लावला तर विमा तोकडा पडतो. ६८० गुणिले ३,५०० म्हणजे २३ लाख ८० हजार. हीच इमारतीची विमा रक्कम. ७८ लाखांचा विमा काढणारा तिपटीहून जास्त रकमेवर प्रीमियम भरतो, आणि नुकसान झालं की कंपनी दुरुस्तीचा किंवा पुनर्बांधणीचा खर्चच मोजते.

आता घरातल्या वस्तू. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामानाचं संरक्षण यादी न देता आपोआप मिळतं. आपल्या उदाहरणात ते ४ लाख ७६ हजार होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, सोफा, पलंग, कपडे, लॅपटॉप यांची बेरीज करून बघा. नव्या संसाराला पुरेल. ज्यांनी इंटिरिअरवरच बारा लाख ओतलेत त्यांना पुरणार नाही, त्यांनी तपशील देऊन जादा रक्कम घ्यावी. भिंतीला कायमचं जोडलेलं काम इमारतीत धरतात आणि हलवता येतं ते सामानात. मॉड्युलर किचन आणि भिंतीतली कपाटं कुठे धरली आहेत, हे कंपनीकडून लेखी घेतलेलं बरं. ज्या रकान्यात असतील तिथे तेवढी रक्कम वाढवायची.

एक शंका राहते. अख्खी इमारतच पडली तर? एकट्याचा फ्लॅट हवेत पुन्हा बांधता येत नाही, आणि २३ लाख ८० हजारांत त्या भागात दुसरं घर येत नाही. काही कंपन्या यासाठी ठरलेल्या किमतीवर फ्लॅटचा विमा देतात. त्यात बाजारभावाच्या जवळची रक्कम आधीच मान्य केलेली असते. प्रीमियम अर्थातच जास्त. नव्या, नीट बांधलेल्या इमारतीत त्याची गरज मला फारशी वाटत नाही. जुन्या इमारतीत रिसेल फ्लॅट घेत असाल तर विचार करावा, पण तिथे विम्याआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा.

आपल्या उदाहरणातल्या घराचा साध्या पॉलिसीचा वर्षाचा प्रीमियम बहुतेकदा सोसायटीच्या एका महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षाही कमी निघतो. त्यावर १८ टक्के जीएसटी. स्वतः राहत असलेल्या घरासाठी हा प्रीमियम आयकरातून वजा होत नाही, तेव्हा "टॅक्स बेनिफिट आहे" असं कोणी म्हणालं तर समजायचं की तो जीवनविम्याबद्दल बोलतोय.

पुण्याचं पाणी

पुण्यात पूर म्हटलं की १२ जुलै १९६१ ची पानशेतची आठवण निघते, आणि "आता कुठे असं होतंय" म्हणून विषय संपतो. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत घरं आणि गाड्या उचलून नेल्या. तिथे नदी नव्हतीच, होता तो ओढा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा लोक झोपेतून उठून तळमजल्यावरचं सामान वर चढवत होते.

म्हणून घर बघतानाच विचारायच्या गोष्टी: निळी रेषा आणि लाल रेषा कुठून जाते? नदीला २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल रेषा. जवळ ओढा आहे का, तो बुजवून वर रस्ता किंवा पार्किंग केलंय का? शेजारच्या दुकानदाराला विचारा, "मागच्या पावसात इथे पाणी किती चढलं होतं?" ब्रोशरपेक्षा हे उत्तर खरं असतं. पॉलिसीच्या यादीत पूर आणि पाणी शिरणं दोन्ही आहे, पण प्रस्ताव अर्जात पूर्वी पाणी शिरल्याबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळीच बाहेर येते.

तुम्ही सातव्या मजल्यावर असाल तर तुमच्या दिवाणखान्यात नदी येणार नाही. पण पंप, मीटर रूम, लिफ्टचा खड्डा, जनरेटर आणि जमिनीखालची टाकी खाली आहे, आणि त्यांच्या दुरुस्तीचा वाटा सातव्या मजल्यालाही भरावा लागतो. ते तुमच्या पॉलिसीत नाही, सोसायटीच्या पॉलिसीत असायला हवं. आणि पार्किंगमध्ये बुडालेली गाडी घरविम्यात कधीच येत नाही. त्यासाठी गाडीची काँप्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) पॉलिसी लागते, नुसत्या थर्ड पार्टीवर काही मिळत नाही. एकतानगरीत ज्यांच्या दुचाकी बुडाल्या त्यातल्या कितीकांकडे काँप्रिहेन्सिव्ह असेल, कोण जाणे.

जे यात नाही

पहिल्या दोन-तीन वर्षांत पुण्यातल्या फ्लॅटधारकाला खरा त्रास होतो तो ओल, गळती आणि तड्यांचा. यातलं जवळजवळ काहीच विम्यात बसत नाही. वरच्या बाथरूममधून महिनोन् महिने झिरपणारं पाणी म्हणजे देखभालीचा प्रश्न. तोच पाइप अचानक फुटून छत आणि फर्निचर भिजलं तर मात्र क्लेम होतो. नवी इमारत बसताना पडणारे तडे, सदोष डिझाइन, निकृष्ट सामान, हे सगळं पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेलं आहे.

त्यासाठी तुमच्याकडे विम्याहून चांगलं हत्यार आहे आणि ते फुकट आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत पदरच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. साइट ऑफिसला जाऊन तोंडी सांगू नका, फोटोसह मेल करा आणि पोच ठेवा.

चोरीबद्दल गैरसमज फार आहे. पूर, आग किंवा दंगलीचा फायदा घेऊन सात दिवसांच्या आत झालेली चोरीच मूळ पॉलिसीत येते. दिवाळीला गावी गेल्यावर झालेली घरफोडी येत नाही, तिच्यासाठी वेगळं संरक्षण जोडावं लागतं. दागिन्यांसाठीही किंमत ठरवून वेगळं कव्हर घ्यावं लागतं. रोकड नाहीच. आणि शॉर्ट सर्किटने जो गीझर जळला त्या गीझरचे पैसे मिळत नाहीत, त्यातून पसरलेल्या आगीने केलेल्या नुकसानाचे मिळतात.

सोसायटी, अपार्टमेंट आणि बिल्डर

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपापासून विमा काढण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. किती संस्था तो काढतात हा भाग वेगळा. रिसेल फ्लॅट घेताना एनओसी मागतो तशी चालू पॉलिसीची प्रतही मागा. सोसायटीने इमारतीचा पूर्ण विमा काढलाच असेल, तर तुम्हाला मुख्यतः सामान आणि आतल्या कामाचा विमा पुरेल. एकाच बांधकामाची भरपाई दोन्हीकडून पुरेपूर मिळत नाही. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालची 'अपार्टमेंट' आहेत. तिथे घोषणापत्रात (डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये) विम्याबद्दल काय म्हटलंय ते वाचा.

कोंढव्यात २९ जून २०१९ ला निवासी संकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला. अशा वेळी तिऱ्हाइताला द्यावी लागणारी भरपाई साध्या इमारत विम्यात येत नाही. सोसायटीने त्रयस्थ दायित्वाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. टेकडी कापून उभ्या केलेल्या संकुलात राहायला जाणार असाल, तर पहिल्याच वार्षिक सभेत हा विषय काढा. गणपतीच्या वर्गणीवर तासभर चर्चा होते, तर यावर दहा मिनिटं व्हायला हरकत नाही.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला असेल, तर घरविमा ताब्याच्या तारखेपासून सुरू करा. तोवर बांधकामाचा धोका बिल्डरकडे असतो. तरीही कर्जाचा पहिला हप्ता बिल्डरला देतानाच घरविमा चिकटवला जातो आणि अजून जोत्यापर्यंतच आलेल्या इमारतीसाठी तुम्ही प्रीमियम भरत राहता. पॉलिसीवरची सुरुवातीची तारीख बघितलीत तर हे लगेच दिसेल.

कंपनी आणि क्लेम

मूळ पॉलिसी सगळीकडे सारखीच असल्यामुळे तुलना करायची ती प्रीमियमची, जोडकव्हरांची आणि क्लेमच्या वागणुकीची. 'क्लेम रेशो' (कंपनीच्या क्लेमचं प्रमाण सांगणारा आकडा) दाखवून विकणाऱ्यांपासून जरा सावध राहा. घरविमा आगविम्याच्या गटात मोजला जातो आणि त्या गटात कारखाने, गोदामंही असतात. तो आकडा तुमच्या टू बीएचकेबद्दल फार काही सांगत नाही.

नुकसान झालं तर लगेच कंपनीला कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर पोलिसांत तक्रार. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भिजलेला सोफा फेकू नका. फेकावाच लागला तर आधी फोटो आणि व्हिडिओ काढा. त्याहून चांगलं म्हणजे राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी घरभर फिरून एक व्हिडिओ करायचा, बिलांचे फोटो काढायचे आणि दोन्ही स्वतःलाच मेल करून ठेवायचे. घर भाड्याने दिलं किंवा भिंत पाडून खोली मोठी केली, तर तेही कंपनीला कळवावं लागतं.

कर्ज चालू आहे तोवर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, आणि मोठ्या क्लेमचा पैसा आधी बँकेकडे जातो. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं परत घ्यायला जाल, त्याच आठवड्यात पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा महिनाभर दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईच्या तक्रारी ते घेतात, फी लागत नाही, वकील लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज द्यायला हवा.